पंपावरचं नाव

दुपारी सगळ्या सिस्टर जेवायला बसल्या होत्या, तेव्हा भुजंगरावांच्या उशाशी टांगलेल्या पंपावरचा आकडा आपोआप बदलला आणि त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत नाव उमटलं: गोजरबाई. पंपाजवळ कोणी नव्हतं. आयसीयूच्या त्या खोलीतच दुसरं जागं कोणी नव्हतं; पडद्यापलीकडे तीन नंबरच्या खाटेवर शहागडची बेबीनंदा झोपली होती, आणि काचेच्या दाराबाहेर स्टुलावर तिची आई, केशरबाई, मांडीवर तान्हं बाळ घेऊन डुलक्या काढत होती. पंप म्हणजे विटेएवढा डबा. त्यात एक जाडी सिरिंज आडवी बसवलेली, आणि तो डबा त्या सिरिंजचा दट्ट्या इतका हळू ढकलायचा की बघणाऱ्याला कळूही नये. हृदयाचं औषध असं थेंबाच्याही अंशाअंशानं भुजंगरावांच्या दंडात उतरत होतं. आता ते किंचित जास्त उतरू लागलं. भुजंगराव त्या नावाकडे बघत राहिले. माणसानं घाबरावं, हाका माराव्यात, निदान देवाचं नाव घ्यावं, तर त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. त्यांना बरं वाटलं. गोजरबाई म्हणजे त्यांची बायको, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तसा हा माणूस भुताखेतांतला नव्हता. जन्मभर एसटीत, भोकरदनच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी झालेली. वेळापत्रकाबाहेरच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि वेळापत्रकावरही फारसा नव्हता. पण हे नाव त्यांच्या ओळखीचं झालं होतं. मागच्या आठवड्यात दम लागून जीव वरखाली व्हायला लागला, तेव्हा मुलानं, कल्याणनं, त्यांना जालन्याच्या या दवाखान्यात आणून टाकलं. गोजरबाई शेवटी काम करायची तीच ही जागा. सरकारी नोकरीतून सुटल्यावर गोजरबाईला इथल्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं होतं, नव्या पोरींना हाताखाली घेऊन शिकवायला. तिच्यासाठीच तर दोघं भोकरदन सोडून जालन्यात राहायला आले होते. दाखल करताना काउंटरवरच्या पोरीनं नाव विचारलं. त्यांनी धापा टाकत सांगितलं, "भुजंग." तर तिथल्या तिघीचौघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीनं चक्क तोंडाला हात लावला. भुजंगरावांना राग आला होता. नाव जुनं आहे हे कबूल, पण त्यात फिदीफिदी हसण्यासारखं काय होतं? मग खाटेवर टाकून नळ्या लावून झाल्या, मंठ्याची ती पायल नावाची सिस्टर ट्रॉलीवरच्या कंप्युटरवर खटखट करू लागली, आणि पंप जागा होऊन त्यावर ते नाव आलं. त्यांना वाटलं, दमानं डोळ्यांपुढं काहीतरी दिसतंय.

"हे नाव कोणाचं?" त्यांनी विचारलं होतं.

"बाईंचंच आहे, बाबा," पायल म्हणाली. "अजून त्यांच्याच नावानं उघडतो आम्ही सगळं. आमच्या नावानं रिपोर्ट दिसतो, पण पंप हलत न्हाई. कंप्युटर आले तव्हा बाई इन्चार्ज होत्या ना, सगळ्या चाव्या त्यांच्याच नावाला दिल्त्या. मंग त्या गेल्या, आन् ते कोणी बदललंच न्हाई." जरा थांबून तिनं त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "खरं सांगू का? आम्हालाच बदलावं वाटलं न्हाई. ड्यूटीवर आलं की पहिले बाईंचं नाव टाकायचं. दिवस चांगला जातो."

तेव्हापासून त्यांना त्या नावाचा नादच लागला. सिरिंज बदलली की नाव. डॉक्टर येऊन औषध कमीजास्त करून गेले की नाव. घरी ती ताट वाढताना विचारायची, अजून थोडं? आणि उत्तराची वाट न बघता वाढून मोकळी व्हायची. तसंच हे चाललं होतं. कल्याण डबा घेऊन आला की म्हणायचा, बाबा, तोंडावर तेज आलंय, औषध लागू पडलं. भुजंगराव मान डोलवायचे. कशाचं तेज आहे ते पोराला काय सांगणार? मेल्यावर माणूस फोटोत असतो, वर्षश्राद्धाच्या दिवशी पानात असतो, शेजारणींच्या बोलण्यात असतो. त्यांची बायको ड्यूटीवर होती.

आणि आज तर कोणीही हात न लावता ती आली होती. भुजंगरावांनी पंपाकडे बघत, ओठ न हलवता म्हटलं, आलीस का? खिडकीतून मोसंबीच्या पेट्यांचा वास येत होता, खाली कुठेतरी टेम्पोतून माल उतरवत असावेत. त्या वासानं त्यांना भोकरदनचा बाजाराचा दिवस आठवला. स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची, कोंबड्या, पोती, लेकुरवाळ्या बाया, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांचा आवाज जायचा. माईक तर होता, पण तो निम्मा वेळ बंद. म्हणून भुजंगरावांनी आवाजच असा कमावला होता की राजूरमार्गे जालना म्हटलं की केळणा नदीच्या पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईनंही पिळा टाकून पळत यावं. गोजरबाई तेव्हा सरकारी दवाखान्यात होती. स्टँडच्या अंगावरूनच जायची, पांढरी साडी, हातात डब्याची पिशवी, मान सरळ. एकदा लग्नाच्या वाढदिवशी त्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, माईक नेमका चालू होता आणि ती नेमकी फलाटासमोर आली होती. "सिस्टर गोजरबाई जिथं असतील तिथून त्यांनी नियंत्रण कक्षाकडं यावं," ते गरजले, "त्यांचे मिस्टर वाट पाहून राह्यले." अख्खा स्टँड हसला. कंडक्टरांनी घंटा वाजवल्या. ती लालबुंद होऊन तशीच पुढं निघून गेली, आणि घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "अख्ख्या भोकरदनाला माझं नाव ऐकवलं तुम्ही. लाज वाटती का?"

"मंग तू बी माझं नाव घे," ते म्हणाले होते. "फिटंफाट होऊन जाईल."

तिनं घेतलं नाही. कधीच घेतलं नाही. अहो, आमचे हे, कंट्रोलर, कल्याणचे पप्पा. एवढ्यावर तिनं संसार निभावून नेला. खानेसुमारीचा मास्तर दारात आला आणि मालकाचं नाव विचारलं, तर ही सगळ्या तालुक्याच्या पोरांना सुया टोचणारी, दारू पिऊन दवाखान्यात धिंगाणा घालणाऱ्या गड्यांना मानगूट धरून बाहेर काढणारी बाई पदराचं टोक चावत म्हणाली, "ते न्हाई का, नागपंचमीला ज्याची पूजा करतात." मास्तरानं नागोराव लिहिलं. भुजंगराव हसून हसून बेजार. ते तिला चिडवायचे, डिवचायचे, पैजा लावायचे, एकदा तर घसा बसल्याचं सोंग करून म्हणाले, कोणीतरी मोठ्यांदा नावानं हाक मारली तरच आवाज येईल, असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, डॉक्टरला मीच ओळखते. आणि एकदा, हसणं ओसरल्यावर, खरं काय ते तिनं सांगितलं. आई म्हणायची, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. "खोटं आहे, मला कळत न्हाई का? मी नर्स आहे. पण तुमच्या जिवाशी खेळ कशाला करायचा? घेतलं न्हाई म्हणून काय अडतंय?"

अडत काहीच नव्हतं. आणि तरी आता, सत्तरी उलटून गेल्यावर, दंडात सुई घेऊन पडलेल्या या माणसाला जाणवत होतं की जन्मभर आपण एकाच गोष्टीची वाट बघितली. बरं, घेतलं नव्हतं असंही नाही. लग्नात घास भरवताना बायांनी तिला गाठलंच होतं, उखाण्याशिवाय सोडणार नाही म्हणून. जाफराबादकडचं तिचं गाव, मांडवात माणसं दाटलेली. ती खाली मान घालून काहीतरी म्हणाली. ओठ हलले. आणि नेमकं त्याच क्षणाला जालन्याहून मागवलेल्या बँडवाल्यांनी, बिदागी वसूल करायची म्हणून असेल, असा काही दणका दिला की शेजारी खेटून बसलेल्या नवऱ्याला अक्षर ऐकू आलं नाही. "काय म्हणालीस?" त्यांनी रात्रभर विचारलं. ती म्हणाली, "एकदाच असतं ते. आता जन्मभर विचारत बसा." त्यांनी विचारलं जन्मभर. मरतानाही तिनं संधी दिली नाही. सकाळी ते दूध आणायला गेले, पिशवी घेऊन परत आले, तर ती खुर्चीतच गेलेली. चहाचं आधण उकळत होतं.

दंड गार पडू लागला होता. भुजंगरावांना ते कळत होतं आणि नव्हतंही. छातीत कोणीतरी मूठ उघडझाप करतंय असं वाटलं, खिडकीचा चौकोन पिवळा झाला, मग पांढरा, आणि मॉनिटर कोकलायला लागला. पायल तोंडात घास तसाच घेऊन धावत आली. तिनं पंप थांबवला, आकडा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. डॉक्टर आले, पळापळ झाली, सुया झाल्या. जिवात जीव आला तेव्हा मोठ्या सिस्टर, साधनाताई, पडद्याजवळ पायलला झापत होत्या. "एवढा डोस कोणी लावला? तुझीच ड्यूटी होती ना? ध्यान कुठं असतं तुमचं? मोबाईलमधी?" पायल रडवेल्या आवाजात सांगत होती की तिनं लावलाच नाही, सकाळपासून पंपाला हातच लावला नाही. साधनाताई म्हणाल्या, मंग काय भुतानं लावला? भुजंगराव डोळे मिटून पडून राहिले. एक शब्द बोलले असते तर पोर सुटली असती. पण तो एक शब्द बोलला की माणसं येणार, कंप्युटर उघडणार, हे मेलेल्या बाईचं नाव इथं कसं म्हणून विचारणार, आणि पुसून टाकणार. आली आहे ती कशीबशी. तिला हाकलून लावतील. त्यांनी कूस बदलली. लबाड म्हातारा, स्वतःलाच म्हणाले. तरी बोलले नाहीत.

संध्याकाळ, रात्र, दुसरी सकाळ तशीच गेली. पायलच्या जागी दुसरी कोणी येईल असं वाटलं होतं, पण तीच आली, डोळे सुजलेले, आणि पंपाचा आकडा परत परत तपासून कागदावर टिपू लागली. दवाखान्याच्या मालकांपर्यंत गोष्ट गेली होती. तिच्या नोकरीचं आठवडाभरात काय ते ठरणार होतं. भुजंगरावांशी ती नेहमीसारखीच बोलली, तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी दुसरीकडे मन वळवलं. मन वळवायला त्यांच्याकडे घरचं जेवणाचं टेबल होतं. कंप्युटर आले त्या दिवसांत गोजरबाईनं दवाखान्यातून एक टाकून दिलेला कीबोर्ड घरी आणला होता. त्याला तार नव्हती, तो कशालाच जोडलेला नव्हता. वरण शिजेपर्यंत ती त्याच्यापुढे बसायची, चष्मा नाकावर, आणि एका बोटानं कळा दाबायची. पोरी खडाखडा टाकतात, आपलंच हसं नको, म्हणायची. टक टक, मग थांबायची, कारण पुढचं अक्षर तिला सापडायचं नाही. बोट हवेत फिरायचं. सापडलं की बाकीचं भरभर, आणि शेवटी ती मोठी कळ, धप्पकन. पुन्हा पहिल्यापासून. तेच, तेच. समोर पेपर वाचत बसलेले भुजंगराव वैतागायचे. "काय लिहून राह्यली एवढं?" ती मान वर न करता म्हणायची, "काही न्हाई. दवाखान्याचं." कुकरची शिट्टी व्हायची. अशा किती संध्याकाळी गेल्या. तेव्हा त्या काही विशेष वाटल्या नव्हत्या, आणि आता त्यांतली एक कोणी परत दिली असती तर भुजंगरावांनी त्या टेबलाजवळ नुसतं बसून राहायलाही मागेपुढे पाहिलं नसतं.

"बाबा, जागे आहात का?" पडद्यापलीकडून बेबीनंदानं विचारलं. बाळंतपणात रक्त फार गेलं म्हणून तिला शहागडहून इकडे हलवलं होतं; तिच्या उशाशीही तसाच पंप होता, रक्तदाब धरून ठेवणारं औषध सोडणारा. दिवसभर पडून कंटाळलेली पोर, पडद्याआडून काहीबाही बोलत राहायची.

"जागाच आहे. काय पाहिजे?"

"काही न्हाई. पोराचं नाव काय ठेवावं ते सुचून राह्यलं न्हाई. मी तर त्याला बराबर पाह्यलं बी न्हाई अजून. आई काचेतून दाखवती, पण इतक्या लांबून काय दिसतं? नुसतं फडकंच दिसतं."

"उद्या-परवा बाहेर काढतील तुला. मंग बघ पोटभर."

"तुमच्या बाई इथंच होत्या ना? पायल सिस्टर सांगत होत्या. लई जीव लावायच्या म्हणे."

"हां," भुजंगराव म्हणाले. बेबीनंदाला झोप लागली असावी, कारण तिकडून आवाज आला नाही. जेवणाची वेळ झाली होती. पायल आज डबा खायला गेली नव्हती, पण तिला कोणीतरी खाली औषधाच्या दुकानात पिटाळलं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलत होता, आणि हलला की फटीतून बेबीनंदाचा पंप दिसायचा. भुजंगरावांना स्वतःच्या पंपाची आशा होती. ते त्याच्याकडेच टक लावून पडले होते, येते का म्हणून. तो गप्प होता. पडदा हलला. पलीकडच्या पंपावरचा आकडा उतरला. पडदा परत हलला, तेव्हा तो आणखी उतरला होता, आणि खाली हिरव्या अक्षरांत नाव होतं.

पहिल्यांदा त्यांना जे वाटलं ते सांगायलाही लाज वाटेल असं होतं. त्यांना हेवा वाटला. माझ्याकडे यायचं सोडून ती तिकडे गेली. मग त्यांना भोकरदनचा सरकारी दवाखाना दिसला, ती लांब खोली, आणि गोजरबाई खाटेखाटेवरून जाताना. तिची एक सवय होती. रोग्याच्या कपाळाला हात लावल्याशिवाय तिनं कधी सलाईनला हात लावला नाही. ताप असो नसो, आधी कपाळ, मग मनगट, मग बाटली. डॉक्टर घाई करायचे, ओरडायचे, तरी आधी कपाळ. नव्या पोरींनाही ती तेच शिकवायची. पायलसुद्धा सिरिंज बदलताना आधी त्यांच्या कपाळाला हात लावायची. काल दुपारी त्यांच्या कपाळाला कोणाचा हात लागला होता? कोणाचाच नाही. आता पलीकडे या झोपलेल्या बाळंतिणीच्या कपाळाला कोण हात लावत होतं? ही ती नव्हे. तिच्या नावानं कोणीतरी दुसरंच खोलीत शिरलं आहे.

"सिस्टर!" ते ओरडले. फुफ्फुसांत पाणी झालेल्या माणसाचा आवाज तो, घरघरत निघाला, काचेपर्यंतही पोचला नाही. त्यांनी कोपरावर रेटून अंग उचललं, छातीत होती नव्हती तेवढी हवा गोळा केली, आणि जो आवाज त्यांनी नोकरी सुटल्यापासून काढला नव्हता तो काढला. "सिस्टर! तीन नंबर! जल्दी या, तीन नंबर!" काचेबाहेर केशरबाई दचकून उठली, बाळ रडू लागलं, जिन्यावरून, पँट्रीतून, कुठून कुठून माणसं धावत आली. सगळ्यांच्या पुढे साधनाताई होत्या. त्यांनी पंप पाहिला, बेबीनंदाचा पांढराफटक चेहरा पाहिला, आणि तिचे पाय उचलून धरत डॉक्टरांना हाक मारली. थोड्या वेळानं बेबीनंदानं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा त्या घाम पुसत वळल्या. "हिचा पंप कोणी..."

"कोणीच न्हाई," भुजंगराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आपोआप बदलला. नाव आलं खाली. काल माझं बी असंच झालं. पायलनं काही केलं न्हाई. मी पाह्यलं होतं."

"मंग काल का न्हाई बोलले, काका?"

भुजंगरावांनी पंपाकडे पाहिलं. त्यावर ते नाव अजून तसंच होतं. साधनाताईंनी त्यांच्या नजरेबरोबर तिकडे पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. संभाजीनगरला फोन गेला. दवाखान्याचे कंप्युटर बघणारा हरिओम नावाचा तरुण तिथून निघाला, आणि निघता निघता फोनवरच त्यानं सगळ्या केबली उपटायला लावल्या. पंप उतरवून कोपऱ्यात ठेवले. मॉनिटर बंद केले. औषधं साध्या बाटल्यांतून लावली, आणि सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, ओठांतल्या ओठांत थेंब मोजत उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आयसीयूत शांतता झाली. बाहेरच्या बाळाचं कुरकुरणं, खालच्या रस्त्यावरचा रिक्षाचा भोंगा, सगळं ऐकू येऊ लागलं. उन्हं उतरली तेव्हा हरिओम आला. पाठीवर पिशवी, केसांत धूळ. ट्रॉलीवरचा कंप्युटर पुढ्यात ओढून तो बराच वेळ काहीतरी वाचत बसला, मग म्हणाला, "बाहेरचा आहे कोणीतरी. कुठं बसलाय ते सांगता येत न्हाई, जालन्यात बी असंल न्हाईतर साता समुद्रापल्याड. या गोजरबाईंच्या नावानं आत आल्ता. आत येऊन सगळीकडं फिरून राह्यलाय, ही कळ दाबून बघ, ती कळ दाबून बघ. त्याला ठाऊक बी नसंल की कळीच्या पलीकडं माणूस आहे." त्यानं मान वर केली. "या बाई कुठंयत?"

मग साधनाताईंनी सांगितलं. हरिओमनं कपाळाला हात लावला. "तीन वर्षं? आन् सगळ्या चाव्या यांच्याच नावानं? मॅडम, हे आत्ताच्या आत्ता काढावं लागंल. पण एवढे अधिकार दुसऱ्या कोणाला न्हाईतच, म्हंजी यांच्याच नावानं आत जाऊन यांचं नाव काढावं लागंल. पासवर्ड काय आहे?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. दाखल झाले त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. पण आज कोणी हसलं नाही. "सांग पायल," साधनाताई म्हणाल्या. पायलनं भुजंगरावांकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाली, "बाबांचं नाव."

"म्हंजी?"

"भुजंग. बस, तेवढंच."

"नवऱ्याचं नाव!" हरिओम जवळजवळ ओरडलाच. "चोर पहिले हेच टाकून बघतो, मॅडम. शेंबडं पोर बी ओळखंल!"

शेंबड्या पोरानंही ते ओळखलं असतं, यात शंका नाही. साऱ्या जगात ते ओळखता न येणारा माणूस एकच होता, आणि तो चार नंबरच्या खाटेवर पडून होता. भुजंगरावांनी आधी काही ऐकलंच नाही असं केलं. मग ते उठून बसायला लागले. पायलनं पाठीमागे उशी दिली. "तुम्ही आल्तात त्या दिवशी नाव सांगितलं ना, बाबा," ती हळूच म्हणाली, "तव्हा हसू आलं आम्हाला. रोज टाकतो ना आम्ही ते. वाटलं, आता पासवर्डच दारात चालत आला."

"तिनं सांगितलं? तोंडानं?"

"न्हाई. तोंडानं कधीच न्हाई सांगितलं. म्हणायच्या, माझ्या बोटाकडं बघा. हळूहळू एकेक कळ दाबून दाखवायच्या. आम्ही म्हणायचो, बाई, सांगा ना पटकन. तर म्हणायच्या, शिकायचं तर बघून शिका."

भुजंगरावांना हसू फुटलं. ते आधी नाकातून आलं, मग छातीतून, मग खोकला आणि हसणं एकमेकांत मिसळलं आणि साधनाताई घाबरून मनगट धरायला धावल्या. "काही न्हाई, काही न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हणायची, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. बराबर होतं की तिचं! काल घटलंच असतं बिलकुल." आणि हसता हसताच त्यांचा आवाज फाटला. ते रडत होते, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांचा हिशेब त्यांनी चुकीचा धरला होता. आपणच एकटे वाट बघत होतो असं ते समजत होते. पडद्याआडून बेबीनंदानं बारीक आवाजात विचारलं, काय झालं, बाबा? केशरबाईला आत घेतलं होतं. ती लेकीच्या कुशीत बाळ ठेवत म्हणाली, काही न्हाई, तू याच्याकडं बघ.

"काढून टाक," भुजंगराव हरिओमला म्हणाले. "लेकीबाळी आहेत इथं. काढूनच टाक. पण पायलला टाकू दे ते. पायल, तिनं शिकवलं तसं टाक. आन् टाकलं की, हरिओम, तू तुझं काम कर. मला विचारू नको."

हरिओमनं ट्रॉली वळवली. पायल पुढं आली. कंप्युटरला हात लावण्याआधी, सवयीनं, तिनं भुजंगरावांच्या कपाळाला हात लावला. मग तिचं एक बोट कळांवर गेलं. भुजंगरावांनी डोळे मिटले. खोलीत एकही यंत्र वाजत नव्हतं.

टक. टक. मग थांबा. पायलला त्या थांब्याची काही गरज नव्हती, तिची बोटं सरावलेली होती. पण बाई तिथं थांबायच्या म्हणून तीही थांबली. आणि त्या थांब्यात भुजंगरावांना वरणाचा वास आला. टेबल आलं, तार नसलेला तो कीबोर्ड आला, नाकावरचा चष्मा, हवेत फिरणारं बोट. समोर पेपर धरून बसलेला एक माणूस दर संध्याकाळी वैतागून विचारत होता, काय लिहून राह्यली एवढं? आणि ती मान वर न करता सांगत होती, काही न्हाई, दवाखान्याचं. अक्षर सापडलं. बाकीचं भरभर झालं. शेवटी ती मोठी कळ, धप्पकन.

"ओ," भुजंगराव म्हणाले.